सगळे बूट डावे

पहिला डावा

खोक्यात एकच बूट होता. डावा. उजव्याच्या जागी चुरगळलेला कागद कोंबलेला.

बसवालीने कागद उलगडून पाहिला, खोकं उलटं करून झटकलं आणि म्हणाली, "काका, माझा डावा पाय तुम्ही बनवलात, त्याला बूट दिलात. पण उजवा अजून घरचाच आहे हो. त्याला काय अनवाणी नेऊ?"

आम्ही सगळे हसलो. आमच्या कार्यशाळेत कृत्रिम पाय बनतात, आणि बनवणाऱ्यांतले निम्म्याहून अधिक जण आधी इथे स्वतःचा पाय बनवून घ्यायला आले आणि मग इथेच चिकटले. बाहेरचा माणूस आत येताना 'बिचारे' म्हणत येतो. आम्ही त्याला गुडघ्याचा खटका, घोट्याची चाल, पायाचा तोल असं सगळं दाखवतो. परत जाताना तो स्वतःच्याच पायांकडे जरा संशयाने बघत जातो.

नवा पाय मिळाला की आमच्याकडे माणूस भांडारात जातो, फळीवरून नव्या बुटांचं खोकं स्वतः उचलतो, स्वतः उघडतो, जोडी घालतो आणि व्हरांड्यातून चालत जातो. सगळे काम थांबवून उभे राहतात. टाळ्या कुणी वाजवत नाही. चालण्याबद्दल टाळ्या लहान मुलांना देतात.

बसवाली शहरात बस चालवायची आणि पुन्हा चालवणार होती. आज तिचा दिवस होता.

कुलूपकाकांनी दुसरं खोकं पुढे केलं. डावा. तिसरं. डावा. काकांच्या कमरेला भांडाराच्या किल्ल्या असतात म्हणून ते कुलूपकाका. एरवी किल्ल्या खुळखुळत असतात. आता त्यांनी त्या मुठीत धरल्या होत्या. चौथं खोकं त्यांनी बसवालीलाच उघडायला दिलं, जणू तिच्या हाताला यश येईल.

"डावा," ती म्हणाली. मग बूट पायाला लावून बघितला. "आणि हा बूट आहे की होडी? खोक्यावर तर माझं माप लिहिलंय."

सगळी फळी उघडून झाली. खोक्यांवर मापं वेगवेगळी. आत एकाच मापाचे बूट. सगळे डावे.

दुसरा डावा

हे बूट विकत घेतलेले नव्हते, दानात आले होते. आणि दानाची एक पावती असते.

कुणी आम्हाला काही दिलं की त्या किमतीवर त्याला कर भरावा लागत नाही. उत्पन्नातून तेवढी रक्कम वजा होते. मात्र पावती मान्यता असलेल्या संस्थेची लागते, आणि ती मान्यता आमच्याकडे आहे. दाराशी लावलेली पाटी आम्ही रोज पुसतो. त्या पाटीमुळे लोक देतात, आणि ते देतात म्हणून पाय बनतात.

या बुटांची पावती काकांच्या सहीने गेली होती: 'नव्या बुटांच्या जोड्या, मिळाल्या.' त्या पावतीवर बूट कारखान्याने वजावट मागितली होती.

कारखाना मालकीणबाईंचा. त्यांचे वडील आमच्याच पायावर चालायचे. शेवटपर्यंत कारखान्यात फेरी मारायचे आणि कामगार त्यांना पावलांच्या आवाजावरून ओळखायचे. वडील गेल्यावर मालकीणबाईंचं लग्न झालं. नवरा दुकानं बघतो. कारखाना सासऱ्याचा, त्यामुळे डोक्यावरचे केस पांढरे झाले तरी सगळे त्याला जावईच म्हणतात.

आमच्या संचालक ताईंनी आधी कर खात्याला कळवलं, मग जावयाला फोन केला आणि तो तासाभरात हजर झाला. भांडाराच्या दारात उभा राहूनच बोलला.

"जोड्या गेल्या कारखान्यातून. मी स्वतः गाडीत भरून घेतल्या. पावती तुमच्या माणसाची आहे, किल्ली तुमच्या माणसाकडे आहे. उजवे बूट कुठे गेले ते मला कशाला विचारता? त्यांना विचारा."

आणि त्याने काकांकडे बोट केलं.

बसवाली म्हणाली, "उजवे चोरून काका करणार काय? लोणचं?"

"ते मला काय ठाऊक? उद्या डावेही नेणार असतील."

काकांनी कमरेच्या किल्ल्या सोडल्या आणि ताईंच्या टेबलावर ठेवल्या. कुणी मागितल्या नव्हत्या. "कर खात्याचं माणूस येऊन जाईपर्यंत या तुमच्याकडे राहू द्या," ते म्हणाले. "खोटी पावती दिली असं ठरलं तर मान्यता जाईल. मी चोर ठरलो तर मी जाईन. दोन्हीतलं एकच होणार असेल, तर मलाच जाऊ द्या."

तिसरा डावा

कर खात्याच्या तपासणी अधिकारी बाई. आल्या त्या पायांकडे न बघता आल्या. हे आम्हाला आवडलं. चहा नको म्हणाल्या. हे आवडलं नाही.

त्यांनी काकांना समोर बसवलं. आम्ही कामाच्या निमित्ताने दाराजवळ होतो. सगळ्यांनाच तिथे काम निघालं होतं.

"पावतीवर 'जोड्या' लिहिलंत. पाहिल्या होत्या?"

"नाही."

"खोकी उघडली नाहीत?"

"नाही."

"एकही नाही?"

"आमच्याकडे नवं खोकं घालणाऱ्याआधी कुणी उघडत नाही."

"हा कुठला नियम?"

काका म्हणाले, "बाई, पाय गेला की माणसाकडे सगळं वापरलेलं येतं. कुणाच्या कुबड्या, कुणाची खुर्ची, कुणाचे सल्ले. माझा पाय गेला तेव्हा शेजाऱ्याने बूट दिले. आत त्याच्या बोटांचे खळगे होते. मी त्या खळग्यांत बोटं घालून चालत होतो. या भांडाराची किल्ली मिळाली तेव्हा ठरवलं, इथे बूट पहिल्यांदा बघेल तो घालणाराच."

बाईंनी लिहायचं थांबवलं. मग पुन्हा लिहायला लागल्या.

"फार चांगलं आहे. आणि फार चुकीचं आहे. न बघता सही करणं म्हणजे दुसऱ्याच्या हातात आपला अंगठा देणं."

काका ताठ बसले होते. ते म्हणाले, "चूक माझी. चोरी माझी नाही."

"तेच बघायला आलेय," बाई म्हणाल्या. "मला बूट दाखवा."

चौथा डावा

भांडाराला खिडकी नाही. कातडं आणि रबर उन्हाने खराब होतं म्हणून मुद्दाम ठेवलेली नाही.

बाईंनी दिवा लावला. एक बूट घेतला, फिरवला. दुसरा घेतला, फिरवला. पाचसहा बूट झाल्यावर त्या आमच्याकडे वळल्या. "तुमच्यातलं कुणी रंगाचं काम करतं का?"

कृत्रिम पायावर कातडीचा रंग चढवणारे आमच्यात आहेत. एकाने बूट हातात घेतला आणि लगेच ओरडला.

"एका अंगाने विटलाय!"

खरंच. बुटाची बाहेरची बाजू फिकी, आतली गडद. आणि एकच नाही, सगळ्या बुटांची तीच बाजू. तळवे मात्र कोरे, मातीचा कण नाही.

"म्हणजे हे चालले नाहीत," बाई म्हणाल्या. "उभे होते. खूप दिवस. एकाच बाजूला उजेड, आणि सगळ्यांचं तोंड एका दिशेला. तुमच्या या खोलीत विटतील का?"

"इथे तर चेहराही दिसत नाही," बसवाली म्हणाली.

"मग हे इथे विटले नाहीत. विटूनच आले. कोऱ्या खोक्यांत."

ताईंनी सुटकेचा श्वास टाकला. "म्हणजे काका सुटले!"

"चोरीतून सुटले," बाई म्हणाल्या. "पावती अजून खोटीच आहे. ती खोटी ठरवून दिली की फसवून घेतली, हे कळलं नाही तर मान्यता गेली म्हणून समजा. विटलेले बूट कुणी पाठवले ते मला नावानिशी हवंय."

त्यांनी बूट खाली ठेवला. "उद्या तिघांना बोलवा. मालकीणबाई, त्यांचे यजमान आणि त्यांचा करसल्लागार. एकेकाला, वेगवेगळं. आणि मला एक टेबल द्या, खालपर्यंत चादर घातलेलं."

पाचवा डावा

टेबलामागे बसवाली बसली. चादरीमुळे तिचे पाय दिसत नव्हते. बाई प्रत्येकाला आधी थोडं इकडचं तिकडचं विचारायच्या, आणि मग म्हणायच्या, "या बाईंना तुमच्याकडचा बूट द्यायचाय. देण्याआधी त्यांना एकच प्रश्न विचारता येईल. विचारा."

करसल्लागार प्रथम आला. घाम पुसत होता. हिशेबाचं वर्ष संपत आलं होतं आणि दान लवकर उरका म्हणून त्यानेच घाई लावली होती, हे त्याने न विचारता सांगितलं. वजावट मोठी तर फीही मोठी, हे विचारल्यावर सांगितलं. बूट पाहिले का? "मी कागद बघतो बाई. बूट बघत नाही." कारखान्याच्या किंवा दुकानांच्या किल्ल्या त्याच्याकडे नव्हत्या, आणि दुकानं कुठे आहेत हेही त्याला धड ठाऊक नव्हतं. मग त्याचा प्रश्न:

"पावती यांच्या नावाने लागणार का?"

मालकीणबाई आल्या. खुर्चीवर बसल्या नाहीत. "माझ्या वडिलांच्या नावाने दिलेलं दान आहे. त्यात खोट निघाली तर मीच गुन्हेगार, आधी माझं नाव लिहा," म्हणाल्या. कारखान्याच्या आणि दुकानांच्या सगळ्या किल्ल्या त्यांच्याकडे होत्या. जोड्या खोक्यांत भरताना पाहिल्या होत्या, गाडी नवऱ्याच्या ताब्यात दिली होती. मग बसवालीकडे वळून त्यांनी विचारलं:

"टाच किती उंच चालते तुम्हाला?"

बसवाली खुर्चीत ताठ झाली.

शेवटी जावई. हसत आला. "अजून सापडले नाहीत का उजवे?" दुकानांच्या किल्ल्या? अर्थात. गाडी कुठे कुठे थांबली? कुठेच नाही, सरळ इथे. सासऱ्यांना पाहिलं होतं का? "नाही हो. माझ्या आधीच गेले. घरी फोटो आहे, खुर्चीत बसलेले. त्यांचा विषय निघाला की ही रडते, म्हणून मी काढतच नाही." मग तो टेबलापाशी आला, चादरीकडे बघितलं आणि आवाज हळू करून, अगदी आपुलकीने विचारलं:

"ताई, कुठला पाय शिल्लक आहे?"

"दोन्ही," बसवाली म्हणाली.

मधे

जावई गेल्यावर बाईंनी दाराशी उभ्या असलेल्या आम्हा सगळ्यांना आत घेतलं, दार लावलं आणि पहिल्यांदा चहा मागितला.

"आता तुम्ही सांगा," त्या म्हणाल्या. "तुमचा विषय आहे."

आम्ही एकदम बोलायला लागलो. बाईंनी हात वर केला. मग आम्ही कुलूपकाकांना पुढे केलं.

"बाहेरच्याला वाटतं, एक पाय गेला की एकच बूट लागतो," काका म्हणाले. "पण आम्ही बनवतो तो पायही बूट घालतो. बुटाशिवाय तो चालतच नाही. घोटा आम्ही टाचेच्या उंचीला बांधून देतो. टाच बदलली की माणूस पुढे कोसळतो. मालकीणबाईंनी नेमकं तेच विचारलं, कारण त्या पायासोबत वाढल्या. त्यांना फसवायचंच असतं तर एकेकटे बूट त्यांनी जगात कुठेही पाठवले असते, इथे कधीच नाही. इथे पहिल्याच दिवशी पकडले जातात."

"आणि जावयांना वाटलं, लपवायला हीच जागा सगळ्यात चांगली," बाई म्हणाल्या. "जिथे सगळ्यांना एकच बूट पुरतो, तिथे दुसरा कोण मागणार?"

"मग धरा की त्याला!" बसवाली म्हणाली.

"काय म्हणून? अडाणीपणावर अजून कर बसलेला नाही." बाईंनी चहा संपवला. "पाठवणाऱ्याने डावे इथे पाठवले. मग उजवे कुठे आहेत?"

उजवा

बाई, ताई आणि काका कारखान्याच्या सगळ्यात मोठ्या दुकानात गेले. मालकीणबाई आधीच येऊन थांबल्या होत्या.

काचेत बुटांची रांग होती. सगळे डावे, बाहेरची बाजू रस्त्याकडे, त्यावर भरपूर ऊन.

"काचेत एकच ठेवतो," दुकानातली मुलगी म्हणाली. "जोडी ठेवली तर कुणीही पायात घालून चालता होईल. आणि मधल्या मापाचा ठेवतो, तो सुबक दिसतो."

"ऊन लागून रंग उडत नाही?"

"उडतो ना. हंगाम बदलला की उतरवतो."

"मग त्याच्या उजव्याचं काय करता?"

"ते साहेब ठेवून घेतात. मागच्या खोलीत."

दाराशी एक मोठी टोपली होती. नव्या जोड्या नाड्यांनी एकमेकींना बांधलेल्या. वर पाटी: 'खोक्याशिवाय घ्या, स्वस्तात घ्या.' मालकीणबाईंनी एक जोडी उचलली, तळव्यावरचा शिक्का वाचला आणि परत ठेवली. "या तर कार्यशाळेसाठी बांधून दिलेल्या जोड्या आहेत," त्या म्हणाल्या. "खोकी तिकडे गेली आणि बूट इकडे विकले."

त्यांनीच मागच्या खोलीचं कुलूप काढलं.

खोली खोक्यांनी भरली होती. नीट रचलेली, दोरी बांधलेली, आणि प्रत्येकावर आमच्या कार्यशाळेचा पत्ता. बाईंनी एक खोकं काकांच्या पुढे केलं. काकांनी ते घेतलं नाही. "हे कुणाच्या पायाचं नाही," ते म्हणाले. "तुम्हीच उघडा."

उजवा. काळाभोर, झळझळीत.

बाईंनी पिशवीतून आमच्याकडचा एक डावा काढून शेजारी ठेवला. शिवण तीच, नाडीची भोकं तीच. एक उन्हात वाढलेला, एक सावलीत.

जावई मागे येऊन उभा होता. कुणी काही विचारलं नाही, तरी तो बोलायला लागला. "अहो, यात कुणाचं काय गेलं? निम्म्यांना डावा लागतो, निम्म्यांना उजवा. डाव्यांची सोय या वर्षी केली. उजव्यांची पुढच्या वर्षी करणारच होतो, पत्तेसुद्धा चिकटवून ठेवलेत!"

"म्हणजे या वर्षी डाव्यांवर वजावट," बाई म्हणाल्या, "आणि पुढच्या वर्षी उजव्यांवर. शिवाय खऱ्या जोड्या टोपलीत. मी बरीच वर्षं या खात्यात आहे, पण एकाच जोडीचं दोनदा दान अजून कुणी दाखवलं नव्हतं."

जावयाने बायकोकडे पाहिलं. तिने मध्ये पडावं, अशी त्याची नजर होती.

"रोज सकाळी बाबांचे बूट मी पुसायचे," मालकीणबाई म्हणाल्या. "दोन्ही. लग्नाला इतकी वर्षं झाली, तुम्ही एकदाही विचारलं नाहीत की ते चालायचे कसे." मग त्या बाईंकडे वळल्या. "काय लिहायचं ते लिहा. यांचंही नाव लिहा."

जोडी

त्या दानाची वजावट नामंजूर झाली, कारखान्याला दंड बसला. जावयाच्या मागे चौकशी लागली, ती अजून चालू आहे. आमच्याबद्दल बाईंनी लिहिलं की पावती फसवून घेतली गेली, संस्थेची मान्यता कायम ठेवावी. खाली एक ओळ होती: 'यापुढे वस्तू पाहिल्याशिवाय पावती देऊ नये.'

ती ओळ काकांनी वाचली आणि कागद ताईंना परत दिला. किल्ल्या ताईंच्या टेबलावरच होत्या. पाहायचं म्हणजे घालणाऱ्याआधी खोकं उघडायचं.

मग मालकीणबाईंची गाडी आली. या वेळी त्या स्वतः पुढे बसून आल्या होत्या. काकांनी खोकी भांडारात नेऊच दिली नाहीत. पाय तयार असलेल्या सगळ्यांना त्यांनी निरोप पाठवला होता. व्हरांड्यात बाकं मांडली होती. आलेल्या प्रत्येकाने गाडीतून आपलं खोकं उचललं, आपल्या हाताने उघडलं, जोडी घातली आणि चालायला लागला. टोकाला काका उभे होते. समोरून जाणारी प्रत्येक जोडी ते डोळे भरून बघत आणि मोजत.

बसवाली आली ती जवळजवळ धावतच. "मोजा नीट," ती म्हणाली. "दोन आहेत!"

कर खात्याच्या बाई भिंतीशी उभ्या होत्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. कामासाठी आले, असं त्या म्हणाल्या. काम काय ते आम्ही विचारलं नाही.

शेवटचा माणूस चालून गेला. काकांनी पावतीपुस्तक उघडलं.

"पावती नको," मालकीणबाई हळूच म्हणाल्या. "या वेळी मी वजावट मागणार नाही. जे झालं त्यानंतर कुठल्या तोंडाने मागू?"

काकांनी पेन खाली ठेवलं.

"मग बूट परत न्या."

बसवालीने नकळत दोन्ही पाय बाकाखाली ओढून घेतले.

"काका, अहो..." ताई म्हणाल्या.

"नाही ताई, बोलू द्या. मालकीणबाई, तुम्ही लाजून काही मागितलं नाहीत, तर ही भरपाई झाली. आम्ही भरपाईचे बूट घालून चालत नाही. दान द्या. दान दिलंत तर मी पावती देईन, आणि पावती दिली तर तुम्ही वजावट मागायची. सरकारने ती तपासायची आणि पै न कापता मंजूर करायची. माझ्या सहीवर एकदा वजावट नाकारली गेलीय. ती सही अशीच पडून राहिली तर मी कुठल्या तोंडाने किल्ल्या घेऊ?"

मालकीणबाईंनी भिंतीकडे पाहिलं. कर खात्याच्या बाई पुढे आल्या.

"मला काय बघता? पावती खरी असेल तर वजावट नाकारायचा मला अधिकारच नाही."

"खरी आहे," काका म्हणाले. "चालताना पाहिलीय."

"मग लिहा," मालकीणबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज आता मोकळा झाला होता. "वडिलांच्या नावाने लिहा. आणि मी वजावट मागणार आहे. पूर्ण."

काकांनी लिहिलं. 'नव्या बुटांच्या जोड्या.' मग 'मिळाल्या' असं लिहून खोडलं आणि वर लिहिलं, 'पाहिल्या.' सही करायला लागले, तेव्हा हात थांबतच नव्हता. सही रकान्यातून निघाली, शेजारच्या रकान्यात गेली, आणि कागदाच्या कडेपर्यंत पोचली.

"रकान्याबाहेर गेली," बाई म्हणाल्या.

"जाऊ द्या," काका म्हणाले.

बाईंनी कागद हातात घेतला, पुन्हा एकदा वाचला, आणि जाऊ दिली.